४, ५, ६ नंबरच्या वाफ्यांतला पालक पिवळा (शाळेची बाग)

प्रेषक: शनिवारची पाळी
शनिवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी,

आत्ताच शाळेतून आले. ४, ५ आणि ६ मधला पालक पिवळा पडलाय. ३ मधला मात्र ठणठणीत आहे, पानं तळहाताएवढी झालीत. चारही ठिकाणी पेरणी एकाच दिवशी झाली, बीही एकाच पाकिटातलं. पाच आठवडे झाले. स्वयंपाकाचा तास तीन आठवड्यांवर आलाय, मुलं दोन्ही वर्गांची मिळून ४८. एकट्या ३ नंबरवर भागणार नाही.

फोटो जोडलेत. उत्तर येईपर्यंत कृपा करून कोणी खत टाकू नका. गेल्या हंगामात तिघांनी एकमेकांना न विचारता तीनदा टाकलं होतं.

---

प्रेषक: पाण्याचं वेळापत्रक
शनिवार, दुपारी १:३५

पाणी जास्त होतंय, दुसरं काही नाही. वरचा थर कोरडा दिसला की जो येतो तो नळी धरतो. बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

हिशोब पुन्हा देते. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी म्हणजे आपल्या एका वाफ्याला ७२ लिटर, १० लिटरचे सात झारे. ते तीन वेळांत विभागायचे, रोज थोडं थोडं नाही. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्या थरातच राहतात आणि एक दिवस ऊन तापलं की झाड मान टाकतं.

वहीत सही केल्याशिवाय पाणी घालू नये, ही विनंती चौथ्यांदा.

---

प्रेषक: बाग गट
शनिवार, दुपारी ३:५०

पाणी हे कारण असतं तर ३ नंबरही पिवळा दिसला असता. तिथेही नळी तीच आणि पाळीही तीच. शनिवारच्या ताईंनी उद्या जमलं तर एवढं बघून कळवावं:

पिवळी पानं खालची, जुनी आहेत की शेंड्याची, नवी? फोटोत नीट दिसत नाही. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं सरसकट फिकट होतात. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं तर नवी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

५ नंबरच्या कडेला फरसबीची ओळ आहे ना? ती कशी दिसते? माझ्या मते सगळं उत्तर त्या ओळीत आहे.

एक पालक मुळासकट उपटा. मूळ पांढरं आहे की तपकिरी, बुळबुळीत? शेवटी खुरप्याने १५ सेंटिमीटर खाली जाऊन काय लागतं ते सांगा.

---

प्रेषक: वाफे बांधणारे
शनिवार, संध्याकाळी ६:२०

चौकशी ४, ५, ६ मधल्या लाकडाच्या ढलप्यांवर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच मांडतो.

वाफा २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, २५ सेंटिमीटर खोल, म्हणजे ७२० लिटर. लागवडीच्या मिश्रणाची पिशवी ४० लिटरची, एका वाफ्याला १८ लागतात. सहा वाफ्यांना १०८ हव्या होत्या, आल्या ८०. पहिल्या तीन वाफ्यांत ५४ गेल्या. उरलेल्या २६ पिशव्या तीन वाफ्यांत वाटल्यावर प्रत्येकी जेमतेम १२ सेंटिमीटर थर होतो. म्हणून ४, ५, ६ च्या तळाला लाकडाच्या ढलप्या घातल्या आणि वर मिश्रण. हे त्याच वेळी कळवलं होतं.

ढलप्या तळाला पसरल्या होत्या, मिसळल्या नव्हत्या. पेरणीच्या दिवशी मुलांच्या हातात काटेफावडी दिली आणि वाफे तळापासून उलथले गेले. उंच वाफ्यात माती कोणी तुडवत नाही, ती घट्ट होत नाही, मग उलथायची गरजच नसते. वरचे चार बोटं हाताच्या पंजाने मोकळे केले की पुरे. पुढच्या वेळी खोदकाम ठरवताना आम्हालाही विचारावं.

---

प्रेषक: कंपोस्ट
शनिवार, रात्री ९:०५

ढलप्यांच्या आधी शेणखत तपासा. ते फक्त ४, ५, ६ मध्ये गेलंय. कुरणावर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड वापरतात. ते गवताला काही करत नाही, जनावराच्या पोटातून तसंच बाहेर येतं आणि कंपोस्टच्या उष्णतेतही टिकतं. अशा खतात फरसबी, वाटाणा, टोमॅटो यांची नवी पानं वाटीसारखी वळतात, शेंडा पिळवटतो.

चाचणी सोपी आहे. सहा कुंड्या घ्या. तिघींत निम्मं ते खत आणि निम्मं पिशवीतलं मिश्रण, तिघींत नुसतं मिश्रण. प्रत्येकीत फरसबीच्या तीन बिया. प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी हवी, एकीचं पाणी दुसरीत गेलं तर चाचणी फुकट. तीन खरी पानं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे बघायचं. मी उद्याच लावते.

खत कच्चं होतं का, हेही कोणीतरी सांगा. कच्चं शेण घातल्यापासून मातीला टेकणारी भाजी काढेपर्यंत १२० दिवस जायला हवेत. पालक आणि मुळा दोन्ही मातीला टेकतात.

---

प्रेषक: शनिवारची पाळी
रविवार, सकाळी ११:१५

बघून आले.

पिवळी पानं खालचीच. शेंड्याची लहान आहेत, फिकट आहेत, पण सरळ आहेत. मूळ पांढरं. खुरपं १० सेंटिमीटरवर ढलप्यांत अडकलं. बोटभर लांबीच्या आहेत आणि सगळीकडे मिसळल्यात. ओल्या आहेत आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी आहे.

फरसबी पालकाच्या मानाने हिरवी, पानं सपाट. एक रोप उपटलं, मुळांवर मोहरीएवढ्या गाठी आहेत. एक नखाने फोडली, आत गुलाबी.

शेणखत पिशवीतलं, कुजवून झालेलं होतं. पिशवीवर तसं छापलंय.

---

प्रेषक: बाग गट
रविवार, दुपारी १:००

मग नत्रच. गुलाबी गाठ म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र धरतायत आणि फरसबीचं त्यावर चाललंय. फरसबी या कामात शेंगवर्गातली कमजोर समजली जाते, तरी ती पालकापेक्षा हिरवी आहे. पालकाला अशी सोय नाही. तणनाशक असतं तर उलटं दिसलं असतं: फरसबी आधी वळली असती. कुंड्यांची चाचणी तरीही करावीच.

ढलप्यांत कर्बाचे काहीशे भाग असतात तेव्हा नत्राचा एक. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. कमी पडतं ते ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. ढलप्या तळाला नुसत्या पसरलेल्या किंवा वर आच्छादन म्हणून असतात तेव्हा ही ओढ त्या थराच्या सीमेवरच राहते. मिसळल्या की प्रत्येक मुळाशेजारी एक गिऱ्हाईक बसतं. तेव्हा वाफेवाल्या काकांचं म्हणणं बरोबर आहे. खोदायला आम्ही सांगितलं, तळाला काय आहे हे मुलांना सांगायचं राहिलं.

आता ढलप्या वेचू नका, मुळं तुटतील. वर आलेल्या तेवढ्या उचलून वाटेवर टाका.

मात्रा: चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र, वाफ्याला २९. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ६३ ग्रॅम. निम्मा आज, निम्मा आठ दिवसांनी. प्रत्येक वेळी १० लिटर पाण्यात विरघळवून मुळाशी, मागून साध्या पाण्याचा एक झारा. ५ मध्ये फरसबीच्या ओळीला देऊ नका, आयतं नत्र मिळालं की गाठींचं काम मंदावतं. दुसऱ्या मात्रेनंतर थांबायचं. पालक जास्तीचं नत्र पानांत नायट्रेट म्हणून साठवतो, ऊन कमी असेल तर अधिकच.

---

प्रेषक: सचिव
रविवार, दुपारी ४:३०

शाळेला दिलेल्या अर्जात आपण 'सेंद्रिय बाग' असं लिहिलंय आणि फाटकावर तसा फलक आहे. युरिया चालणार नाही.

शेडची चावी शुक्रवारपासून जागेवर नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया कळवावं.

---

प्रेषक: बाग गट
रविवार, दुपारी ५:१०

फलकावर लिहिलंय तर पाळलंच पाहिजे, मान्य. मूळ दोन्हीकडून शेवटी तेच नायट्रेट घेतं, पण मुलांना सांगितलेलं एक आणि केलेलं दुसरं असं नको.

सोयाबीनची पेंड (७ टक्के नत्र) वाफ्याला साधारण ४१० ग्रॅम लागेल, पण ती आधी कुजावी लागते. तीन आठवड्यांत तिचा फारसा उपयोग नाही. ती पुढच्या हंगामासाठी, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, कारण ताज्या पेंडीत बी नीट उगवत नाही. आत्ता माशाचं द्रवखत, ५ टक्क्यांचं. वाफ्याला दोन वेळा, प्रत्येक वेळी २९० मिलिलिटर, ३० लिटर पाण्यात. झाऱ्याचं तोंड मातीला लावून द्या, पानांवर एक थेंब नको. वास दोन दिवस राहतो. शुक्रवारी शाळा सुटल्यावर दिलं तर सोमवारपर्यंत जातो.

---

प्रेषक: पाण्याचं वेळापत्रक
रविवार, संध्याकाळी ७:४५

हे ३० लिटर ७२ मधून वजा धरा. त्या आठवड्यात त्या वाफ्यांना साधं पाणी चारच झारे. वहीत वेगळा रकाना केलाय.

---

प्रेषक: स्वयंपाक गट
रविवार, रात्री ८:३०

आमचं गणित यावर अवलंबून आहे म्हणून लिहिते. मुलामागे १०० ग्रॅम कच्चा पालक धरलाय, एकूण ४.८ किलो. चौरस मीटरला किलोभर निघाला तर ३ नंबरचा पावणेतीन किलो होतो. बाकीचे दोन किलो ४, ५, ६ मधून मिळाले तर बेत तसाच राहील. नाही मिळाले तर मुलामागे ६० ग्रॅम करू आणि मुळ्याचा पालाही घेऊ, तो टाकायचा नसतोच. टोपलीभर पालक शिजून वाटीभर होतो हे मुलांना आधी सांगायला हवं, नाहीतर हिरमुसतात.

धुण्याबद्दल गेल्या वेळी तक्रार आली होती की दाताखाली रेती आली. चाळणीत ठेवून वरून नळ सोडला होता. तसं करू नका. मोठ्या पातेल्यात पालक बुडवायचा, हाताने हलवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि पानं वरून उचलून घ्यायची. पातेलं पानांसकट ओतलं तर तळाची रेती परत पानांवर येते. पाणी बदलून पुन्हा, तळाला बोट फिरवून खरखर लागेनाशी होईपर्यंत. साधारण तीन पाणी लागतात.

शिजवताना वेगळं पाणी नको, पानांना चिकटलेलं पुरतं. रुंद भांडं, मोठी आच, दोन-तीन मिनिटं. मीठ शेवटी, कारण ढीग बसला की खरा अंदाज येतो. थोडं तेल हवंच, पालकातलं कॅरोटीन त्याशिवाय नीट अंगी लागत नाही. चिरताना फळीखाली ओलं फडकं, सुरी लहान पण धारदार. बोथट सुरी घसरते आणि बोट कापतं. सुरी नसलेल्या हाताची बोटं आत वळवलेली, बोटांची मधली पेरं सुरीकडे.

दुसऱ्या पदार्थात राजमा आहे. तो आदल्या रात्री मंद आचेच्या विजेच्या भांड्यात लावून ठेवावा असं ठरलंय, सकाळी मुलांना तयार मिळेल.

---

प्रेषक: कंपोस्ट
रविवार, रात्री ९:१०

राजमा त्या भांड्यात अजिबात लावू नका, हे कळकळीने सांगते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व्हायला पुरतात, एक ते तीन तासांत. ८० अंशांच्या आसपास राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो आणि त्या भांड्यात नेमकं तेच होतं. मऊ झाला म्हणजे सुरक्षित झाला असं नाही.

किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा, मग आच कमी करून मऊ होऊ द्या. मीठ आधी घातलं तरी चालतं, आंबट मात्र शेवटी. आंबटात साल मऊ होत नाही.

फरसबीच्या हिरव्या शेंगांतही हे थोडं असतं. मुलं वेलावरूनच तोडून चघळतात, तेवढं बघा. शिजवूनच खायच्या.

---

प्रेषक: स्वयंपाक गट
रविवार, रात्री ९:४०

बदललं. आदल्या रात्री फक्त भिजवू, सकाळी साडेसातला उकळायला घेऊ. त्यासाठी स्वयंपाकघर लवकर उघडावं लागेल, सचिवांनी शाळेला कळवावं. तयार राजमा वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवू. उरला तर पसरट ताटात घालून दोन तासांच्या आत शीतकपाटात.

---

प्रेषक: वाफे बांधणारे
सोमवार, सकाळी ७:१५

शेडची चावी माझ्याकडे आहे. बिजागरीला तेल देण्यासाठी घेतली होती, आज ठेवतो.

४, ५, ६ हंगामाअखेर पाच-सहा सेंटिमीटर खचतील, ढलप्या कुजतात तशी पातळी उतरते. तेव्हा वरून मिश्रणच घाला, वाफ्याला ४० लिटरच्या चार-पाच पिशव्या. त्याची नोंद आताच करून ठेवा. आणि कोणी उलथू नका.

---

प्रेषक: शनिवारची पाळी
शनिवार (तेराव्या दिवशी), दुपारी १२:३०

द्रवखत ठरल्याप्रमाणे दोन शुक्रवारी दिलं, दुसरी मात्रा काल. नवी पानं हिरवी आलीत, ४ मध्ये सगळ्यात चांगली. जुनी पिवळी तशीच राहिली, ती खुडून कंपोस्टात टाकली. ६ ची पूर्वेकडची कड अजून फिकट आहे, तिथे खुरपं लावलं तर ढलप्या वरपर्यंत होत्या.

आज ३ नंबरमधून एक हातभर पट्टी कापून वजन केलं. त्यावरून पूर्ण वाफ्याचे अडीच किलो धरायला हरकत नाही. ४ आणि ५ मिळून दीड निघेल. म्हणजे चार किलो, मुलामागे ८० ग्रॅमच्या थोडं वर. ६ मोजू नये.

कंपोस्टच्या ताईंच्या कुंड्यांत दोन्हीकडे पानं आत्तापर्यंत सरळ आहेत, तिसरं पान यायचंय.

कापणी तासाच्या दिवशी सकाळी सातला. बाहेरची पानं कापायची, मधला शेंडा ठेवायचा, म्हणजे पुन्हा फुटेल. सहा जण हवेत, आतापर्यंत चार नावं आलीत.