मदत हवी आहे: अमेरिका-मेक्सिको सीमाभिंतीसाठी पैसा कुठून? नमुना-सिनेटमध्ये कोणता पर्याय टिकेल?

शाईपेन:
नमस्कार. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं नमुना-अधिवेशन आहे आणि आमच्या गटाकडे अमेरिकन सिनेटची विनियोजन समिती (सरकारी खर्चाची तरतूद ठरवणारी) आली आहे. भिंत असावी की नसावी हा वाद दुसऱ्या समितीकडे आहे. आम्ही फक्त निधीचे मार्ग मांडायचे आणि समोरच्यांच्या उलटतपासणीत टिकवायचे. कच्ची यादी अशी:

१) वार्षिक अर्थसंकल्पात नेहमीची तरतूद
२) आणीबाणी जाहीर करून संरक्षण खात्याचा पैसा वळवणं
३) मेक्सिकोच्या मालावर आयातशुल्क, किंवा तिकडे पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर कर
४) लोकवर्गणी
५) अमली पदार्थांच्या टोळ्यांची जप्त मालमत्ता

यातलं भक्कम काय आणि लटकं काय? शिवाय दर मैलाला खर्च किती धरायचा? ६५ लाख डॉलर आणि ३ कोटी डॉलर असे दोन्ही आकडे वाचलेत, त्यामुळे गोंधळ झालाय.

खर्डेघाशी:
यादी ठीक आहे, पण तिच्यात दोन निरनिराळे प्रश्न मिसळलेत. महसूल कुठून येईल हा एक, आणि तो खर्च करायचा अधिकार कोण देईल हा दुसरा. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या नवव्या विभागात स्पष्ट आहे की कायद्याने तरतूद झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. तुमचे ३, ४ आणि ५ हे पर्याय फक्त महसुलाचे आहेत. मेक्सिकोने उद्या खरोखर धनादेश पाठवला तरी तो तिजोरीत पडून राहील, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकन संसदेने) भिंतीसाठी तरतूद करेपर्यंत. समोरचा गट हुशार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल.

आता पर्याय १. २०१७ च्या वित्तीय वर्षात ३४.१ कोटी डॉलर मिळाले, तेही जुनं कुंपण बदलण्यापुरते. २०१८ ते २०२१ या चारही वर्षांत प्रत्येकी १.३७५ अब्ज. २०१९ चा आकडा ३५ दिवसांच्या शटडाऊननंतरचा आहे, हे विसरू नका. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची मागणी ५.७ अब्जांची होती, सरकार २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ अंशतः बंद राहिलं आणि शेवटी हातात पडले १.३७५. कारण साधं: नेहमीच्या तरतूद विधेयकावरची चर्चा संपवायला सिनेटमध्ये ६० मतं लागतात आणि ती विरोधकांशिवाय जमत नव्हती.

या मार्गाने आलेल्या पैशाला अटी चिकटून येतात. २०१८ च्या कायद्याने आधीपासून वापरात असलेल्या रचनाच बांधा असं बजावलं, म्हणजे सॅन डिएगोजवळ गाजावाजा करून उभारलेले काँक्रीटचे नमुने बाद. टेक्सासमधल्या सांता आना अभयारण्यात बांधायला बंदी घातली. २०१९ च्या कायद्याने पैसा फक्त टेक्सासमधल्या रिओ ग्रांदे खोऱ्यासाठी दिला आणि त्यातूनही फुलपाखरू केंद्र, ला लोमिता चॅपल, बेंटसन उद्यान वगळलं. रक्कम मंजूर करून घेणं हा निम्माच लढा असतो. ती कुठे आणि कशावर खर्च होईल हे त्या अटीच ठरवतात.

तिरकस:
पर्याय ४ साठी दोन ओळी पुरेत. अ‍ॅरिझोनाने २०११ मध्ये संकेतस्थळ काढून वर्गणी मागितली होती. उद्दिष्ट ५ कोटी डॉलर, जमले तीन लाखांच्या आत. डिसेंबर २०१८ मधल्या ऑनलाइन मोहिमेत अडीच कोटींहून जास्त जमले, पण ते सरकारला देऊन भिंतीसाठीच वापरून घेता येईनात. सरकारला दिलेली साधी देणगी सर्वसाधारण खात्यात जाते. मग खासगी जमिनीवर थोडंसं बांधकाम झालं, आणि २०२० मध्ये चालकांवर देणगीदारांच्या फसवणुकीचा खटला उभा राहिला. मुख्य चालकाला २०२३ मध्ये सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. वर्गणीचा मुद्दा मांडलात तर समोरचे तुम्हाला इथेच गाठतील.

टेक्सासने २०२१ पासून जमवलेली वर्गणी दिसायला मोठी आहे, सुमारे साडेपाच कोटी डॉलर. त्यातला बहुतेक सगळा भाग एकाच धनाढ्याच्या शेअर्सचा. राज्याची भिंत प्रत्यक्षात उभी राहिली ती राज्याच्या तिजोरीतून, आणि २०२५ मध्ये विधिमंडळाने तीही नवी तरतूद थांबवली.

जमाखर्च:
पर्याय २ सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी आणीबाणी जाहीर झाली तेव्हा 'आणीबाणीचा पैसा' म्हणून जे ओळखलं गेलं त्यात तीन वेगळ्या थैल्या होत्या, आणि आणीबाणीची गरज फक्त एकीलाच होती.

पहिली थैली: अर्थखात्याच्या जप्ती निधीतले ६०.१ कोटी. याला आणीबाणी लागत नाही.

दुसरी: संरक्षण कायद्यातलं २८४ क्रमांकाचं कलम. अमली पदार्थांच्या तस्करीचे मार्ग अडवायला लष्कर दुसऱ्या खात्याला रस्ते, कुंपण, दिवे करून देऊ शकतं. यालाही आणीबाणी लागत नाही. मात्र या सदरात पुरेसा पैसाच नव्हता. म्हणून आधी लष्कराच्या इतर खात्यांमधून अडीच अब्ज या सदरात आणले आणि मग खर्च केले. खरा वाद या बदलीवर झाला, कारण बदलीच्या कलमात (८००५) दोन अटी आहेत: गरज अनपेक्षित हवी, आणि काँग्रेसने नाकारलेल्या बाबीसाठी पैसा वळवता येणार नाही. ज्या भिंतीसाठी ३५ दिवस सरकार बंद होतं ती 'अनपेक्षित' कशी, हा विरोधकांचा सवाल होता. २६ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी खालच्या न्यायालयाची मनाई स्थगित केली. बदली कायदेशीर आहे असा निकाल त्याने दिला नाही. अशी तक्रार घेऊन दावेदारांना न्यायालयात येता येतं का, यावर त्याने शंका घेतली. तुमच्या भाषणात 'न्यायालयाने मान्यता दिली' असं वाक्य असेल तर आत्ताच खोडा.

तिसरी: कलम २८०८, लष्करी बांधकामाचे ३.६ अब्ज. आणीबाणी खऱ्या अर्थाने लागली ती इथे. १२७ लष्करी बांधकामं लांबणीवर टाकून हा पैसा काढला. पण हे कलम 'लष्करी बांधकामा'साठी आहे, म्हणजे जागा लष्करी हवी. त्यासाठी सीमेवरच्या जमिनीच्या पट्ट्या लष्कराकडे देऊन कागदोपत्री टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस तळाला जोडल्या. अ‍ॅरिझोनातल्या जागाही!

२०२० मध्ये २८४ खाली आणखी ३.८ अब्ज आले. नेहमीची तरतूद धरून सगळं मिळून साधारण १५ अब्ज.

आता दुबळी बाजू. आणीबाणी रद्द करणारा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला होता. तो अडला राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकारावर, आणि तो उलटवायला दोनतृतीयांश मतं जमली नाहीत. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२१ रोजी एका घोषणेने काम थांबवलं आणि लष्करी बांधकामातला न वापरलेला सुमारे २.२ अब्जांचा पैसा मूळ कामांकडे परत गेला. काँग्रेसने रीतसर दिलेला पैसा मात्र त्यांना तसा फिरवता आला नाही. २०१९ च्या तरतुदीतून बायडेन प्रशासनालाच ऑक्टोबर २०२३ मध्ये टेक्सासच्या स्टार परगण्यात २६ कायदे बाजूला सारून बांधकामाची तयारी करावी लागली. १९७४ च्या कायद्यानुसार काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षांना आपल्या मर्जीने अडवून ठेवता येत नाही. वळवलेला पैसा लवकर हातात येतो आणि तितक्याच लवकर निघून जातो, हा मुद्दा तुम्हाला दोन्ही बाजूंनी वापरता येईल.

शाईपेन:
हे फारच उपयोगी आहे. एक शंका: लष्कराचा पैसा बहुतेक अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत का गेला? घुसखोरी तर टेक्सासच्या खोऱ्यात जास्त होती ना?

रिओग्रांदे:
जमीन. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेलगत ६० फुटांचा पट्टा १९०७ पासून केंद्र सरकारने राखून ठेवलेला आहे. तिथे मशिनं घेऊन जा, काम सुरू. टेक्सासमध्ये सीमा म्हणजे नदी, आणि काठची जमीन बहुतांश खासगी. तिथे १९३१ च्या कायद्याने भूसंपादन करावं लागतं: सरकार अंदाजे मोबदला न्यायालयात जमा करतं, मालकी लगेच सरकारकडे जाते, पण किमतीचा वाद वर्षानुवर्षं चालतो. २००८ मधले काही दावे दहा वर्षांनीही निकाली निघाले नव्हते. त्यात १९७० चा सीमा-तह आहे. पुराचं पाणी मेक्सिकोच्या बाजूला ढकललं जाईल असं बांधकाम करता येत नाही, म्हणून भिंत नदीपासून बरीच आत, बऱ्याच ठिकाणी पूरबांधावर घ्यावी लागते. मग भिंतीपलीकडे राहिलेल्या शेतांसाठी फाटकं करा, त्यांचा खर्च वेगळा.

ज्या पैशाला मुदत आहे तो साहजिकच सोप्या जमिनीकडे जातो. २०१७ ते २०२१ मध्ये झालेल्या ४५८ मैलांपैकी ३७३ मैल जुन्याच्या जागी नवं असं काम होतं. जिथे काहीच अडथळा नव्हता तिथे फक्त ५२ मैल प्राथमिक भिंत उभी राहिली. उरलेली ३३ मैलांची दुसरी रांग.

खर्डेघाशी:
राहिलेला मोठा पर्याय आता लिहितो: रिकन्सिलिएशन. आधी दोन्ही सभागृहं अर्थसंकल्पी ठराव मंजूर करतात, त्यात समित्यांना रकमेच्या मर्यादा ठरवून दिल्या जातात आणि मग येणाऱ्या विधेयकाला सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यात भिंतीच्या व्यवस्थेसाठी ४६.५ अब्ज डॉलर याच मार्गाने आले. सिनेटमधलं मतदान ५१-५०, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने. पैसा ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येतो.

तुमच्या गटासाठी अडचण अशी की हा मार्ग विनियोजन समितीला वळसा घालून जातो. तुम्ही विनियोजन समितीच असाल तर तो तुमच्या अखत्यारीत नाही, विरोधी गटाला मात्र तो दाखवून 'मग तुमची गरजच काय' असं विचारता येईल. उत्तर तयार ठेवा: सिनेटच्या बर्ड नियमामुळे रिकन्सिलिएशनमध्ये अर्थसंकल्पाशी थेट संबंध नसलेली कलमं टिकत नाहीत. रक्कम देता येते, धोरणाच्या बारीक अटी घालायला जागा कमी. देखभाल आणि माणसं तर मुख्यतः वार्षिक तरतुदीवर चालतात, आणि तिथे पुन्हा ६० मतं.

तिरकस:
पर्याय ३ वर कुणीच बोललं नाही. टॅरिफ, म्हणजे आयातशुल्क, भरतो अमेरिकेतला आयातदार, मेक्सिको सरकार नव्हे. त्याचा काही भार मेक्सिकन निर्यातदार किंमत कमी करून उचलेल, काही अमेरिकन ग्राहक. २०१७ च्या जानेवारीत २० टक्क्यांची कल्पना निघाली होती, ती ज्या सीमा-समायोजन कराला (आयातीवर कर, निर्यातीला सूट) जोडली होती तो कर जुलैपर्यंत बारगळला. आणि पोलादावर शुल्क लावलं (२०१८ मध्ये २५ टक्के, जून २०२५ पासून ५०) की भिंतीचंच पोलाद महागतं. भिंत म्हणजे मुख्यतः पोलाद.

जमाखर्च:
थोडी दुरुस्ती. महसूल म्हणून टॅरिफ कमी नाही, भरपूर येतो. तो 'मेक्सिकोने दिला' असं म्हणता येत नाही आणि भिंतीशी बांधलेला नाही, एवढंच.

पाठवलेल्या पैशांवरचा कर आता खरोखर आहे, त्यामुळे हे नीट समजून घ्या. १ जानेवारी २०२६ पासून १ टक्का. प्रतिनिधीगृहात ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली, तिथून साडेतीन, सिनेटमध्ये १. लागतो तो रोख, मनीऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन परदेशी पाठवलेल्या रकमेवर, पाठवणारा कुठल्याही देशाचा नागरिक असो. अमेरिकन बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर नाही. म्हणजे न्यू जर्सीहून नाशिकला आईवडिलांना खात्यातून पैसे पाठवणाऱ्याला हा कर लागत नाही. मेक्सिकोत पैसे बहुतांश इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पोचतात, पण त्याने फरक पडत नाही. कर ठरतो तो अमेरिकेतल्या काउंटरवर काय दिलं त्यावरून.

आता गणित. मेक्सिकोला वर्षाला ६० अब्जांहून जास्त डॉलर जातात. त्या सगळ्यांवर १ टक्का मिळाला असं धरलं तरी वर्षाला ६० कोटींच्या आसपास. ४६.५ अब्ज भरून निघायला सत्तरहून जास्त वर्षं. सूट वजा केली की आणखी जास्त. आणि हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो, भिंतीचं वेगळं खातं नाही.

पर्याय ५ ची गत तशीच. मेक्सिकोतला टोळीप्रमुख 'एल चापो' गुझमानवर १२.६ अब्जांचा जप्ती आदेश २०१९ मध्ये निघाला, पण तो कागदावरचा आकडा. हाती लागलेली मालमत्ता विकली जाईपर्यंत त्याचा उपयोग शून्य.

रिओग्रांदे:
दर मैलाच्या खर्चाचं: ६५ लाख हा २०१७ च्या आधीच्या पादचारी-कुंपणाचा सरासरी आकडा आहे. नंतरच्या १५ अब्जांत ७३८ मैलांची योजना होती, म्हणजे मैलाला सुमारे २ कोटी. दोन्ही बरोबर, वस्तू वेगळी. नव्या रचनेत सहा इंची चौकोनी पोलादी खांब, आत काँक्रीट, मध्ये चार इंचांची फट. दहा इंचांना एक खांब म्हणजे मैलाला ६,३३६ खांब, उंची १८ ते ३० फूट. त्यावर चढू नये म्हणून वरचा सपाट पत्रा, खाली खोल पाया, शेजारी गस्तीचा रस्ता, दिवे, कॅमेरे, फायबर. टेक्सासमध्ये जमीन आणि पूरबांध धरून अडीच ते तीन कोटी धरा.

शाईपेन:
आमच्या मसुद्यात देखभालीचा आकडाच नाही. तो कुठे टाकायचा?

रिओग्रांदे:
बांधकाम 'खरेदी, बांधकाम व सुधारणा' या खात्यात टाका, मुदत पाच वर्षं. देखभाल 'कामकाज व साहाय्य' खात्यात, ती दरवर्षी नव्याने मागावी लागते. दोन्ही एकाच ओळीत लिहिलंत तर मुदतीचा घोळ होईल. देखभालीत तीन गोष्टी दाखवा. एक, कापाकापी: २०१९ ते २०२१ या तीन वित्तीय वर्षांत खांब ३,२७२ वेळा कापले गेले, दुरुस्तीला सुमारे २६ लाख डॉलर. दुकानात मिळणाऱ्या साध्या यांत्रिक करवतीने खांब कापता येतो. दोन, पूरफाटकं: अ‍ॅरिझोनातल्या पावसाळ्यात ओढ्यांवरची फाटकं उघडी ठेवावी लागतात, नाहीतर कचरा अडकून फाटकच उखडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तसं झालंय. उघडी फाटकं म्हणजे तिथे जास्तीची गस्त, तो पगार मसुद्यात धरा. तीन, दिवे-कॅमेऱ्यांचं आयुष्य पोलादापेक्षा बरंच कमी, त्यांच्या बदलीची रक्कम स्वतंत्र दाखवा.

भूसंपादनाची ओळही वेगळी काढा आणि तिच्यासाठी 'खर्च होईपर्यंत उपलब्ध' अशी मुदत मागा. पाच वर्षांत टेक्सासचे दावे संपत नाहीत.