घरचा पाव मधून चिकट राहायलाय, मदत हवी आहे

दुधना
तिसऱ्यांदा पाव फसला. वरून रंग छान येतो, पण कापला की सुरीला लगदा लागतो आणि तळाशी दोन बोटं नुसता गोळा. सोमवारी पोराची शाळा सुरू व्हायली, तोवर जमलं पाहिजे. बाजारचा बंद केलाय. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली तर वरून घातलेल्या पदार्थांचे क्रमांक: २८२, ४७२ई, ११००. पीठ-मीठ-पाण्याच्या वस्तूत एवढं कशाला? प्रमाण बरोबर घेते, यीस्ट नवीन आहे. काय चुकायलंय कळेना. लवकर सांगा.

गोदाकाठ
प्रमाण बरोबर म्हणजे किती? पीठ कोणतं, किती वेळ फुगवता, किती अंशावर भाजता?

ज्वारीवाला
ताई, डब्याला भाकरी द्या. आपल्याकडं मालदांडीसारखी ज्वारी असताना पावाची गरजच काय?

दुधना
दादा, भाकरी दोन्ही वेळ असतेच. प्रश्न पावाचा आहे. अर्धा किलो गव्हाचं पीठ, दोन चमचे यीस्ट, कोमट पाणी. दोन तास झाकून ठेवते. २०० अंशावर ४० मिनिटं.

मांजरा
दोन तास? या उन्हात? लातूरला माझ्या स्वयंपाकघरात दुपारी ३८ अंश असतात, पीठ पाऊण तासात दुप्पट होतं. त्यापुढं ठेवलं की आतली जाळी फाटते आणि भट्टीत गेल्यावर खाली बसतं. कोमट नको, माठातलं पाणी घ्या. यीस्ट अर्धा चमचा पुरे. बोट टोचून बघा: खळगा सावकाश अर्धा भरून आला तर भाजायला घ्या, तसाच राहिला तर वेळ टळली.

नांदेडची_सुगरण
एवढं कशाला? मैदा घ्या, हलका होतो. माझा कधीच फसला नाही.

गोदाकाठ
मैदाच खायचा तर बाजारचा काय वाईट?

नांदेडची_सुगरण
वाईट काहीच नाही. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी धरू नये म्हणून. कायद्यानं चालतं. बंदी आली ती पाव फुगावा म्हणून पिठात घालायच्या पोटॅशियम ब्रोमेटवर, २०१६ साली. उगाच लोकांना घाबरवू नका.

दुधना
मी घाबरले नाही, ताई. पोराच्या डब्यात काय जायलंय ते मला माहीत असावं, एवढंच. आणि मैदा नको, घरचेच गहू वापरायचेत.

गोदाकाठ
घरचे म्हणजे कोणते?

दुधना
बन्सी. शेतातलेच.

गोदाकाठ
हे आधी सांगायचं ना! बन्सी शेवयांना, रव्याला उत्तम, पण त्याचं पीठ ताणलं की तुटतं, फुगा धरून ठेवत नाही. निम्मं लोकवन मिसळा. कोंडा पाणी पितो, म्हणून भिजवून अर्धा तास राहू द्या, मग मळा. गोळ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. न फाटता पातळ पापुद्रा आला की मळणं पुरे.

ज्वारीवाला
ज्वारीचा पाव होतो का हो? घरी पाच पोती आहे.

मांजरा
नुसत्या ज्वारीचा फुगत नाही, तिच्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो. गव्हात पाचवा हिस्सा घालून बघा.

औंढा_रोड
ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, किती लिटरची घ्यावी?

नांदेडची_सुगरण
झालेला पाव फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतो.

मांजरा
फ्रीजमध्ये बुरशी लांबते, पण पाव लवकर कडक होतो. त्यापेक्षा फोडी करून फ्रीझरला टाका, लागेल तेवढ्या तव्यावर गरम करा.

दुधना
आज केला. निम्मं लोकवन, माठाचं पाणी, अर्धा चमचा यीस्ट, ५० मिनिटांत टोपाच्या काठाला आला. कडेच्या फोडीला बारीक जाळी पडली! मधे अजून थोडा ओलसर लागायलाय. पोरगं थांबेना, म्हणून भट्टीतून काढल्याबरोबर कापला.

मांजरा
मग ओलसर लागणारच. आतली वाफ मुरायची असते. तारेच्या जाळीवर दोन तास गार होऊ द्या, मगच सुरी लावा.

दुधना
उद्या पहाटे उन्हाच्या आधी परत लावते. कापल्यावर सांगते.