मदत हवी आहे: सीएसएमए-सीडीत स्पीड वाढवला की फ्रेम गायब होतायत

नमस्कार मंडळी, तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. प्रोजेक्टसाठी सीएसएमए-सीडीचं (केबल मोकळी आहे का ऐकून मग बोलायचं, आणि दोघं एकदम बोलून टक्कर झाली तर थांबायचं, ही पद्धत) छोटं सिम्युलेशन लिहिलंय, सगळ्यांची मिळून एकच केबल, २ किमी लांब, २० स्टेशनं, प्रत्येक फ्रेम (एका वेळी पाठवायचा डेटाचा तुकडा) १००० बाइटची, सिग्नल सेकंदाला २ लाख किमी जातो असं धरलंय म्हणजे या टोकापासून त्या टोकाला १० मायक्रोसेकंद. केबल पार करायचा वेळ भागिले फ्रेम बाहेर टाकायचा वेळ म्हणजे ए, आणि कार्यक्षमता १ भागिले (१ अधिक ५ए), हे सूत्र ताडून बघायला घेतलंय. १० एमबीपीएसला सूत्र ९४ टक्के देतं, १०० ला ६१-६२, दोन्हीकडे माझे आकडे जवळपास जुळतात. पण १ जीबीपीएस केलं की सगळं बिघडतं. सूत्राप्रमाणे १४ टक्क्यांच्याही खाली जायला हवं, इथे स्टेशनं म्हणतायत फ्रेम व्यवस्थित गेल्या आणि पलीकडे मोजल्या तर कितीतरी पोचलेल्याच नाहीत. बॅकऑफचा (टक्कर झाल्यावर थोडं थांबून पुन्हा पाठवायचा) कोड दोनदा नव्याने लिहून झाला, तरी तेच. नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
कोडमध्ये चूक नसावी, तुमची फ्रेमच छोटी पडतेय. १ जीबीपीएसला ८००० बिट ८ मायक्रोसेकंदात बाहेर पडतात आणि केबल पार करायला लागतात १०. समजा टोकाच्या स्टेशनाने नवव्या मायक्रोसेकंदाला बोलायला सुरुवात केली, दहाव्याला टक्कर झाली, तर तुमच्या स्टेशनाला ते कळणार एकोणिसाव्याला, आणि ते तर आठव्यालाच फ्रेम गेली म्हणून मोकळं झालंय. सिग्नल जाऊन परत येईपर्यंत पाठवणारा बोलत राहिला पाहिजे, तरच टक्कर कळते. तुमच्याकडे हे २० मायक्रोसेकंद, म्हणजे किमान २५०० बाइटची फ्रेम हवी.

१० एमबीपीएस इथरनेटची किमान ६४ बाइटच्या फ्रेमची अट इथूनच आलीय, ५१२ बिट म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंद. १०० एमबीपीएसला ५१२ बिट तेच ठेवले, त्यामुळे जास्तीत जास्त अडीच किमीचं अंतर २०० मीटरच्या आसपास आलं. गिगाबिटला तसंच केलं असतं तर जेमतेम २० मीटर उरले असते, म्हणून १९९८ च्या ८०२.३झेडमध्ये हाफ डुप्लेक्ससाठी (एका वेळी एकानेच बोलायचं) स्लॉट, म्हणजे टक्कर कळायला राखलेला वेळ, ५१२ बाइटचा केला आणि छोट्या फ्रेमच्या मागे नुसती भर जोडली, तिला कॅरियर एक्स्टेन्शन म्हणतात. पण प्रत्यक्षात लोक स्विच आणि फुल डुप्लेक्सकडेच (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात) गेले, तिथे टक्कर होतच नाही, आणि २००२ च्या १० गिगाबिटमध्ये तर हाफ डुप्लेक्स ठेवलंच नाही.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं! फ्रेम ३००० बाइटची केली, गायब होणं थांबलं आणि सूत्राच्या ३२ टक्क्यांच्या जवळ आलो. आता एकच शंका, पुढे एफडीडीआय (फायबरच्या रिंगवरचं १०० एमबीपीएसचं नेटवर्क) करायचंय, तिथे टक्कर नाही, टोकन आहे (रिंगमध्ये फिरणारी बोलायची परवानगी, ती ज्याच्याकडे तोच बोलतो), मग तिथे लांबीचा त्रास नाही ना?

प्रतिसाद २:
त्रास आहे, फक्त वेगळा. २०० किमी फायबरला सिग्नल फिरून यायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, १०० एमबीपीएसला तेवढ्यात १ लाख बिट मावतात, आणि सगळ्यात मोठी फ्रेम ४५०० बाइटची म्हणजे ३६ हजार बिट. स्वतःची फ्रेम फिरून येईपर्यंत टोकन धरून बसलात तर रिंगचा बराचसा वेळ रिकामा जाईल. म्हणून एफडीडीआयमध्ये फ्रेम संपली की लगेच तिच्या मागे टोकन सोडतात. सिम्युलेशनमध्ये हे आधी घाला, टोकन किती वेळ धरायचं त्याचा टायमर नंतर.