डेडवूड: तिसरा सीझन संपला, चित्रपट लगेच बघू का?

सांजवारा:
काल रात्री 'डेडवूड' या अमेरिकन वेस्टर्न मालिकेचा शेवटचा भाग बघितला. गुत्त्याचा मालक ॲल स्वेअरेंजन गुडघ्यांवर बसून लाकडी जमिनीवरचं रक्त घासतोय आणि मालिका संपते. ते रक्त जेनचं, त्याच्याच गुत्त्यातल्या पोरीचं. ट्रिक्सीनं खाणमालक हर्स्टवर गोळी झाडली होती, तिला त्याच्यापासून वाचवायला ॲलनं तिच्याऐवजी जेनला मारलं. त्या पोरीनं कुणाचं काय वाईट केलं होतं? रात्रभर झोप नाही. ३६ भागांनंतर हा शेवट? २०१९च्या चित्रपटात याचं पुढं काही होतं, की नुसती जुनी मंडळी भेटतात?

चिंचेखाली:
बघून टाका. दोन तासांच्या आत संपतो.

माळरान:
मी म्हणेन, आठ-दहा दिवस जाऊ द्या. आम्ही २००६ पासून तेरा वर्षं थांबलो होतो. मालिका बंद झाली तेव्हा दोन चित्रपट करायचं बोललं गेलं, तेव्हा एकही झाला नाही.

चित्रपटात १८८९ साल आहे, डेडवूड गाव ज्यात आहे ते साउथ डकोटा अमेरिकेचं राज्य होतंय. हर्स्ट आता कॅलिफोर्नियाचा सिनेटर. तो गावात येतो आणि गरोदर ट्रिक्सी बाल्कनीतून भर रस्त्यात त्याच्यावर ओरडते. म्हणजे जिला मेलेली समजून तो गेला, ती जिवंत! जेनच्या प्रेतावर रचलेलं खोटं तिथंच उघडं पडतं. तुमच्या प्रश्नाला चित्रपट असा थेट भिडतो. पुढचं सांगत नाही.

मालिकेचे आणि चित्रपटाचे लेखक डेव्हिड मिल्च यांना अल्झायमर झाल्याचं २०१९मध्येच जाहीर झालं. माझ्या बाबांनाही तोच आजार आहे. रोज संध्याकाळी विचारतात, "विहिरीवरची मोटार बंद केलीस का?" मोटार विकून नऊ वर्षं झाली. मी "केली" म्हणते, तेव्हा कुठं ते जेवायला बसतात. म्हणून मला हा चित्रपट फार जवळचा आहे. स्वतःची आठवण निसटत असताना त्या माणसानं जेनला विसरू दिलं नाही.

सांजवारा:
ताई, एवढंच सांगा, ट्रिक्सीला जेनचं काही वाटतं का?

माळरान:
वाटतं. दहा वर्षं तेच उराशी घेऊन जगलीय ती. तिच्या जोडीदाराशी, सोलशी लग्न करायलाही तिचं मन धजत नाही.

सांजवारा:
मग पुढच्या रविवारी बघते. बाबांना सांभाळा.