मदत हवी आहे : टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) तापवलेल्या कणांचं खरं तापमान कसं काढावं?

जळगाव :
राम राम मंडळी. झिंक ऑक्साइडचे २०-३० नॅनोमीटरचे कण कार्बन फिल्म असलेल्या तांब्याच्या ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) घेऊन २०० केव्हीच्या टीईएममध्ये, भट्टीवाल्या होल्डरवर तापवते आहे. पडद्यावर ५०० अंश दिसतात, पण ग्रिडच्या कडेचे कण वाढतात आणि मधले जसेच्या तसे. कुठला आकडा धरू? मशीन बाहेरगावी, स्लॉट दोनच दिवसांचा, म्हणून तयारी इथूनच करून न्यायची आहे. ईईएलएस (नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतात ते मोजणारी सोय) आहे, मोनोक्रोमेटर (बीममधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एकसारखी करणारा भाग) नाही.

धुळे :
ताई, तो आकडा भट्टीचा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीला जोडलेलं असतं, ग्रिड नुसती रिंगने दाबलेली. निर्वातात धातूला धातू टेकतो तिथूनच काय ती उष्णता नीट जाते. ग्रिड जराशी वाकली की मधला भाग मागे राहतो. आधी तांबं सोडा. एवढ्या तापमानाला ते फिल्मवर सरकून स्वतःचेच कण बनवतं. मॉलिब्डेनमची ग्रिड घ्या.

मग थर्मामीटर नमुन्यातच ठेवा. कॉलेजच्या कोटिंग युनिटमध्ये, वर दुसरी जाळीदार ग्रिड मास्क म्हणून ठेवून, ६०-८० नॅनोमीटर ॲल्युमिनियमचे ठिपके पाडा. सलग थर नको, तो स्वतःच उष्णता पसरवून तापमान सारखं करून टाकतो. ईईएलएसच्या स्पेक्ट्रममध्ये ॲल्युमिनियमचा प्लाझमॉन, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित हेलकाव्याचं शिखर, १५ ईव्हीला (इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक) येतो. धातू फुगला की इलेक्ट्रॉनांची घनता घटते आणि शिखर खाली सरकतं, १०० अंशांना सुमारे ०.०५ ईव्ही. २०१५ मध्ये मेक्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या तारेचा तापमान-नकाशा असाच काढला होता.

जळगाव :
दादा, आमचं रेझोल्यूशन जेमतेम १ ईव्ही. त्यात ०.०५ कसं दिसणार?

धुळे :
शिखर रुंद असलं तरी त्याचा मध्य बारीक काढता येतो. झीरो लॉस (ऊर्जा न गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचं शिखर) आणि प्लाझमॉन एकाच स्पेक्ट्रममध्ये घ्या आणि दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर मोजा. नुसती प्लाझमॉनची जागा घेतलीत तर हाय टेन्शनची (बीमला वेग देणाऱ्या व्होल्टेजची) सरकच तापमान म्हणून मोजाल. प्रत्येक ठिकाणी शेकडो स्पेक्ट्रम घ्या, झीरो लॉसवर जुळवा, मगच बेरीज करा. ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमेवर शिखर मुळातच सरकलेलं असतं, म्हणून गार असताना जो ठिपका मोजला, तापवल्यावर तोच मोजायचा. गार म्हणजे होल्डर मशीनमध्ये तासभर स्थिरावल्यावर. मे महिन्यातल्या आपल्या खोलीचे ४४ अंश तिथे धरू नका.

भुसावळ :
पडताळा म्हणून शेजारी कथिलाचे १०० नॅनोमीटरपेक्षा मोठे कण ठेवा, ते २३१.९ अंशांना वितळतात. लहान कण आधीच वितळतात, ते चालणार नाहीत. ऑक्साइडच्या कवचामुळे आकार टिकून राहतो, त्यामुळे इमेज पाहू नका, डिफ्रॅक्शनचे (घन स्फटिकामुळे उमटणारे) ठिपके कधी जातात ते बघा. नोंद तापवतानाच घ्या. थंड होताना कथिल बऱ्याच खालपर्यंत द्रवच राहतं. जस्त मात्र चुकूनही नको, निर्वातात उडून कॉलम खराब करतं.

आणि शेवटी बीमचा करंट निम्मा करून तोच ठिपका परत मोजा ताई. उत्तर बदललं तर बीमच नमुना तापवतो आहे.