मदत हवी आहे: पोझिशन होल्डमध्ये ड्रोन गोल गोल भरकटतो

मंडळी, घरी जोडलेला साडेतीन इंची (प्रोपेलरचं माप) क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन आहे. एफ४०५ फ्लाइट कंट्रोलर बोर्ड, त्यावर आयनॅव हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर, एम१० जीपीएस मॉड्यूल आणि त्यातच कंपास. अँगल मोडमध्ये (ड्रोन फक्त स्वतःला सपाट ठेवतो, बाकी सगळं हाताने) झकास उडतो. पोझिशन होल्ड (जीपीएस-कंपासच्या आधारे एकाच जागी थांबणं) लावला की आधी स्थिर राहतो, मग घिरट्या घालायला लागतो आणि प्रत्येक घिरटी आधीपेक्षा मोठी. शेवटी मोड काढून हातानेच उतरवावा लागतो.

सॅटेलाइट भरपूर मिळतात. कंपास कॅलिब्रेशन मोकळ्या मैदानात, गाडी-मोबाइल लांब ठेवून पुन्हा केलं. अलाइनमेंटही बरोबर आहे, चारही दिशांना फोनच्या कंपासशी हेडिंग (ड्रोनच्या तोंडाची दिशा) जुळतं. मग प्रोपेलर काढून, फ्रेम टेबलाला बांधून थ्रॉटल वाढवला, तर ड्रोन जागचा न हलता हेडिंग वीसेक अंशांनी सरकलं! म्हणजे तारांतल्या करंटच्या चुंबकीय क्षेत्राचा कंपासला त्रास दिसतोय. जीपीएस मागच्या बाजूला, बॅटरीच्या तारांना जवळजवळ चिकटूनच आहे.

अडचण वजनाची. बॅटरीसकट २४३ ग्रॅम भरतं आणि मला २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे ड्रोन नियमांतल्या सगळ्यात हलक्या नॅनो वर्गातच राहायचंय. त्यामुळे जीपीएससाठी उंच दांडा किंवा वेगळा कंपास जपूनच.

बॅटरीच्या तारांना पीळ देऊन भागेल, की जीपीएस वर उचलावाच लागेल? उचलायचा तर एवढ्या छोट्या फ्रेमवर किती सेंटिमीटर पुरतात?