रेम्ब्रांटची ‘कॉपी’ आणि आमचे कापलेले मार्क

तापीकाठचा : काल इथे एकाने लिहिलं, ‘रेम्ब्रांटने लिओनार्दोचं शेवटचं भोजन तांबड्या खडूने उतरवलं, ते न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात मिरवतंय. आमच्या पोरांनी उतरवलं तर मार्क कापतात.’ वाचून झोप उडाली. अहो, रेम्ब्रांट हॉलंडचा चित्रकार, आयुष्यात इटलीला गेला नाही. मूळ चित्र मिलानच्या भिंतीवर, याच्या हातात फक्त त्याची छापील प्रत. १६३४-३५च्या सुमारास त्यावरून आधी फिकट रेषांत सगळे बसवले, मग खडू दाबून माणसं हलवली. मागे एक कापडी छत टाकलं, तेही मधोमध नाही. भिंतीवर ते नाहीच. ही कॉपी असेल तर आईचं पाहून केलेलं भरीतही कॉपीच.

इंटरमीजिएट नापास : मीच तो. भरीत मधे आणू नका. आठवीत रविवर्म्याची सरस्वती काढली होती. सरांनी कागद वर्गासमोर धरून विचारलं, ‘कशावरून ट्रेस केलं?’ वीणेखालच्या चौकटी खोडायच्या राहिल्या होत्या, एवढाच गुन्हा. मोठ्यांचा तो अभ्यास, आमची ती चोरी!

वाघूर : न्यूयॉर्क कशाला भो, आपलं अजिंठा बघा. गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेण्यांतली चित्रं १८४४पासून उतरवली, त्यातलं बहुतेक १८६६च्या लंडनच्या आगीत गेलं. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने तिथली पोरं आणून पुन्हा उतरवलं, त्यातलंही बरंच १८८५ला जळालं. गिल तर भुसावळलाच पुरलाय. खानदेशाचं नाव कोण घेतं?

फर्दापूरची वाट : अजिंठा खानदेशात कधीपासून? जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

वाघूर : आणि उतरता कुठे? जळगाव स्टेशनलाच ना!

फर्दापूरची वाट : मनमाडला उतरून शिर्डी गाठतात. शिर्डी मनमाडची का मग?

वाघूर : लेण्यांखालची वाघूर आमच्याच तापीला मिळते. नदीला विचारा जिल्हा.

इंटरमीजिएट नापास : नदी राहू द्या. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या लोकांनी भिंतींना वार्निश फासलं, ते पुढे काळवंडलं. त्याचं काय? अभ्यास यांचा, वाटोळं मूळ चित्राचं!

तापीकाठचा : वार्निशचं कबूल. पण रेम्ब्रांटने आपल्या मुघल चित्रांवरूनही वीसेक रेखाटनं केली, जपानी कागदावर. तिथे त्याला कोणाचे मार्क मिळवायचे होते?

इंटरमीजिएट नापास : बरं, केला रेम्ब्रांटला पास. माझी सरस्वती कोण परत देतंय?

फर्दापूरची वाट : आणि जळगावहून लेण्यांजवळच्या फर्दापूरला एसटीने दीड तास लागतो, तेवढ्यात जिल्हा बदलतो म्हटलं.